इंजिन तापले, गॅस्केट उडाली; दुरुस्ती घरी करावी की न करावी?

म्हसवड : माण नदीचे पात्र कोरडे पडून काही महिने लोटले, की म्हसवड परिसरातील विहिरींचे पाणी तळाला जाऊ लागते आणि त्याच सुमारास विहिरीवरील डिझेल इंजिनांच्या तक्रारी वाढतात. या दोन गोष्टींचा संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. वास्तविक तो अगदी सरळ आहे. विहिरीवरील बहुतेक पाणथंड इंजिनांना स्वतःचा रेडिएटर नसतो. पंपाने उपसलेल्या पाण्यातूनच एक बारीक नळी इंजिनाकडे वळवलेली असते. ते पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून व हेडमधून फिरून बाहेर पडते आणि इंजिन थंड राहते. विहिरीची पातळी फूटव्हॉल्व्हच्या खाली गेली, की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. पाट बंद होतो, पण इंजिन सुरूच राहते. शेतकरी दाऱ्यावर, इंजिन पाचशे फुटांवर! पाणी का थांबले हे पाहायला तो विहिरीपर्यंत पोहोचेतो दहा-पंधरा मिनिटे गेलेली असतात. तेवढा वेळ गॅस्केट जळण्यास पुरेसा असतो.

वार्षिक पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळणाऱ्या माण तालुक्यात अशा वेळी बंद पडलेले इंजिन म्हणजे केवळ यंत्राचा बिघाड नव्हे. उभी ज्वारी, डाळिंबाची बाग आणि दावणीची जनावरे या सर्वांचे पाणी त्यावर अवलंबून असते. वीजपंप घरोघर आल्यानंतरही, वीज नसेल त्या वेळी उपयोगी पडावे म्हणून जुने इंजिन अनेकांनी मोडीत काढलेले नाही. मिस्त्रीला सवड होईपर्यंत आठवडा जातो. म्हणून हे काम आपल्याला जमेल काय, असा प्रश्न अनेकजण विचारतात. एका सिलिंडरच्या इंजिनापुरते उत्तर 'होय, परंतु घाई न केल्यास' असे आहे. मोटारी व जीप यांच्याबाबत ते इतके सरळ नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

गॅस्केट करते तरी काय?

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड. या दोन्हींच्या मधे बसवलेली पातळ चकती म्हणजे हेड गॅस्केट. आपल्याकडे तिला 'हेडचे पॅकिंग' असेही म्हणतात. एकाच वेळी तिला तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवाव्या लागतात : सिलिंडरमधील जळता वायू, त्याच्याभोवती फिरणारे पाणी आणि काही इंजिनांत वर जाणारे ऑइल.

तिच्यावर येणारा भार किती असतो, याची कल्पना एका साध्या गणिताने येईल. शेतीसाठी सर्रास वापरल्या गेलेल्या किर्लोस्कर 'एव्ही १' या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, क्षमता ५५३ घनसेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १५०० फेरे असा आहे. पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरते. डिझेल पेटते त्या क्षणी दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलो जरी धरला, तरी हेड वर उचलू पाहणारे बल सुमारे तीन टन होते आणि तेही मिनिटाला ७५० वेळा. हे बल अडवून धरणारे फक्त हेडचे नट आणि त्यांनी दाबून धरलेली ही चकती! इंजिन प्रमाणाबाहेर तापले, की हेड वाकते, गॅस्केटवरील दाब एखाद्या ठिकाणी सैल होतो आणि तेथूनच जळता वायू वाट काढतो. एकदा वाट झाली, की ती दर स्फोटाबरोबर रुंदावत जाते.

इंजिनांच्या बाबतीत आपला भाग नवखा नाही, हे जाता जाता नमूद करावयास हवे. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तत्कालीन औंध संस्थानात वसवली आणि तेथून लोखंडी नांगर खेडोपाडी गेले. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी सुरू केलेल्या कारखान्यानेही नांगरांपासून डिझेल इंजिनांपर्यंत मजल मारली. हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही (प्रीमियर) होते. माणदेशातल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष ओळखता येतो, त्यामागे अशी दोन-तीन पिढ्यांची सवय आहे.

तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका

इंजिन तापल्याचे लक्षात येताच पहिले काम ते बंद करणे. विहिरीवरील इंजिन डिझेलचा पुरवठा तोडणाऱ्या दांडीनेच बंद करावे. कॉम्प्रेशन सोडण्याची दांडी उचलून इंजिन बंद करण्याची खोड पुष्कळांना असते. तिने व्हॉल्व्हचे नुकसान होते.

दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे तापलेल्या हेडवर बादलीभर पाणी उपडे करू नये. ओतीव लोखंड एका बाजूने एकदम थंड झाले, की तडकते. गॅस्केट काही शे रुपयांत मिळते. तडकलेले हेड त्याच्या अनेक पटींनी महाग पडते. साताऱ्याहून येताना कोरेगाव सोडले, की वर्धनगडाचा घाट लागतो. या घाटात एका वडाप जीपमधून येत असताना प्रस्तुत प्रतिनिधीने हा प्रकार स्वतः पाहिला आहे. काटा लाल रेषेपलीकडे गेलेला, बॉनेटमधून वाफ येत असलेली, अशा स्थितीत चालकाने प्रवाशांच्या बाटल्यांतील पाणी रेडिएटरमध्ये आणि उरलेले इंजिनावर ओतले. 'टक्' असा बारीक आवाज झाला. जीप पुन्हा सुरू झाली, परंतु सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबेना. पुढे समजले, की दोन व्हॉल्व्हच्या मधे हेडला चीर पडली होती. अर्धा तास थांबलो असतो तर एका गॅस्केटवर भागले असते.

मोटारीच्या रेडिएटरचे झाकण तापलेले असताना उघडणे तर थेट जिवावर बेतणारे आहे. हे झाकण आतील पाणी दाबाखाली धरून ठेवते. त्यावर ०.९ असा आकडा असेल, तर आतले पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि ते सारे पाणी क्षणात उकळून तोंडावर उसळते. वरचा होजपाइप हाताने दाबून पाहावा. तो कडक लागला तर हात मागे घ्यावा. किमान तासभर थांबून, जाड ओला कपडा वर टाकून, झाकण आधी अर्धेच फिरवावे आणि वाफेची सुरसुर पूर्ण थांबल्यावरच काढावे.

दोष गॅस्केटचाच आहे ना?

इंजिन तापले म्हणजे गॅस्केट उडालीच असे नाही. फॅनबेल्ट तुटणे, रेडिएटर चोंदणे, थर्मोस्टॅट अडकणे, वॉटरपंप गळणे यांपैकी काहीही असू शकते. हेड उतरवण्याची मेहनत घेण्याआधी खात्री करून घ्यावी.

विहिरीवरच्या इंजिनात ही खात्री फारशी कठीण नसते. हॅन्डल मारताना नेहमीचा जोर लागत नाही, ते हलके फिरते. हेड व ब्लॉकच्या सांध्यातून 'फस्स' असा आवाज येतो. सांध्यावर साबणाचे पाणी लावले तर फेस उठतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार एकसारखी न राहता उचक्या देत येते आणि तिला धुराचा वास असतो. डिपस्टिक काढून पाहावी. ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे, असे समजावे. अशा स्थितीत इंजिन एक मिनिटही चालवू नये, कारण बेअरिंगला वंगण मिळत नाही आणि दोनशेचे काम वीस हजारांवर जाते.

मोटारीच्या बाबतीत गळती न दिसताही पाणी कमी होत राहणे, सकाळी सुरू केल्यावर गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसणे ही लक्षणे होत. बुडबुडे साध्या हवेचे की जळलेल्या वायूचे, हे ओळखण्यासाठी गॅरेजमध्ये निळ्या रंगाचे रसायन वापरतात. कार्बन डायऑक्साइडने ते पिवळे पडते. घरी हीच परीक्षा खाण्याच्या चुन्याच्या निवळीवर घेता येते. चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा व वरचे स्वच्छ पाणी काचेच्या बाटलीत घ्यावे. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून पाण्याची पातळी चार बोटे खाली आणावी, तोंडावर रबरी बूच घट्ट बसवून त्यातून एक नळी निवळीत सोडावी आणि इंजिन दोन-तीन मिनिटेच सुरू करावे. निवळी झपाट्याने दुधासारखी झाली तर सिलिंडरमधील वायू पाण्यात येत आहे, हे नक्की. शाळेत शिकलेला हा प्रयोग इतक्या वर्षांनी असा कामी येतो! इंजिन तापू लागण्याआधी मात्र ते बंद करून नळी काढलीच पाहिजे.

एक धोका येथेच सांगितला पाहिजे. गॅस्केट फुटून रात्रभरात सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही. अशा वेळी जोर लावून हॅन्डल मारले अथवा स्टार्टर दिला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. शंका असल्यास आधी नोझल किंवा स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे; पाणी असेल तर ते भोकातून बाहेर येईल.

हेड उतरवताना

पुढील वर्णन एका सिलिंडरच्या पाणथंड डिझेल इंजिनाचे आहे. हत्यारे फार लागत नाहीत : रिंग पाने, गोटी पाना, फीलर गेज, सरळ धारेची पोलादी पट्टी, लाकडी हातोडी, रॉकेल अथवा डिझेल, भरपूर चिंध्या आणि शक्य झाल्यास टॉर्क पाना. हा टॉर्क पाना ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणता येतो. त्याच्याशिवाय काम भागवण्याची एक रीत पुढे दिली आहे.

इंजिन पूर्ण थंड, म्हणजे आदल्या संध्याकाळी बंद केलेले असावे. गरम हेडचे नट सैल केल्यास ते वाकण्याचा संभव असतो. डिझेलचा कॉक बंद करून पाण्याच्या पोकळीतील पाणी काढून टाकावे. एअर क्लीनर, सायलेन्सर, डिझेलचे पाइप आणि नोझल क्रमाने सुटे करावे. डिझेल पाइपची आणि पंपाची उघडी तोंडे स्वच्छ प्लास्टिकने बांधून ठेवावीत. माणदेशातला वैशाखातला वारा ध्यानात घेता ही गोष्ट क्षुल्लक मानू नये. नोझलच्या भोकात गेलेला धुळीचा एक कण पुढे आठवडाभर डोकेदुखी होतो. त्यानंतर रॉकर आणि पुशरॉड काढावेत. कोणता पुशरॉड कोणत्या जागेचा आणि त्याचे वरचे टोक कोणते, हे खडूने लिहून ठेवावे. आठवणीवर विसंबू नये.

हेडचे नट एकेक करून पूर्ण सोडायचे नसतात. समोरासमोरचे नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सैल करीत दोन-तीन फेऱ्यांत काम करावे. हेड निघत नसल्यास सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह आवरावा, कारण तेथे पडलेला एक ओरखडा नवी गॅस्केटही भरून काढू शकत नाही. लाकडी हातोडीने कडेने हलके ठोके दिले, की हेड सुटते. ते सरळ वर उचलावे.

जुनी गॅस्केट लगेच फेकू नये. तिच्यावर दोष लिहिलेला असतो, असे म्हटले तरी चालेल. सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकाकडे गेलेला काळा पट्टा दिसला, तर वायू नेमका तेथून गेला. हाच पट्टा गॅस्केटच्या बाहेरच्या कडेकडे असेल, तर बहुधा त्या बाजूचा नट सैल होता. चहूबाजूंनी सारखीच करपलेली गॅस्केट म्हणजे इंजिन पाण्याविना चालल्याची साक्ष. हे न पाहता नवी बसवली, तर महिन्याभरात तीच जागा पुन्हा जळते. दुसऱ्यांदा गॅस्केट गेल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत अशांचाच भरणा अधिक असतो, असे मिस्त्री सांगतात.

साफसफाई आणि सपाटी

साऱ्या कामात अधिकात अधिक वेळ येथे जावा. पिस्टन खाली नेऊन सिलिंडरमध्ये कापडाचा बोळा घालावा, म्हणजे कचरा आत पडणार नाही. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले अवशेष पितळी अथवा लाकडी खरवडणीने काढावेत. जुन्या तांब्याच्या गॅस्केटमध्ये आत ॲसबेस्टॉस भरलेला असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना अत्यंत घातक असते. त्यामुळे जुने इंजिन असल्यास पृष्ठभाग ओला करूनच खरवडावा, तोंडाने फुंकर मारू नये, कॉम्प्रेसरची हवा मारू नये आणि चिंध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकाव्यात. मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

पाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. आपल्याकडील बोअरचे पाणी जड. त्यातील क्षार हेडच्या पोकळीत थरावर थर चढवतात. हा थर लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतो, त्यामुळे बाहेर पाणी वाहत असूनही आतला धातू तापत राहतो. पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात लोखंडी हेड काही तास बुडवून ठेवल्यास थर बराचसा सुटतो. नंतर ते भरपूर पाण्याने धुऊन कोरडे करावे. तीव्र ॲसिड वापरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ॲल्युमिनियमच्या भागांसाठी ती सर्वस्वी वर्ज्य समजावी.

आता सपाटी. पोलादी पट्टी हेडवर उभ्या धारेने ठेवून तिच्याखाली फीलर गेजची पाती सरकवून पाहावी. लांबीत दोन, रुंदीत दोन आणि कर्णांवर दोन अशा सहा जागी ही तपासणी करावी. लहान हेडच्या बाबतीत ०.०५ मिलिमीटरची पाती कोठेही आत जाऊ नये, असा ठोकताळा धरावा. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. पाती जात असेल तर हेड लेथवर अथवा ग्राइंडिंगच्या यंत्रावर फेस करून आणावे लागते. ते घरी कानस मारून होण्यासारखे काम नव्हे आणि तसे करण्याचा प्रयत्नही करू नये.

चीर शोधण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. हेड कोरडे करून व्हॉल्व्हच्या आसपास रॉकेल लावावे, दहा मिनिटांनी पुसून घ्यावे आणि वर खडूची पूड अथवा खडूचा लेप द्यावा. चीर असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल खडूवर बारीक ओली रेघ उमटवते. त्याच बैठकीत व्हॉल्व्हही तपासावेत : हेडच्या पोर्टमध्ये रॉकेल ओतून ते व्हॉल्व्हखालून पाझरते का ते पाहावे. पाझरत असल्यास व्हॉल्व्ह लॅपिंग करून घेण्याची हीच वेळ.

लायनर असलेल्या इंजिनात लायनरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर असावी लागते. ती खाली बसली असेल, तर कितीही चांगली गॅस्केट टिकणार नाही. हा दोष आढळल्यास काम तेथेच थांबवून मिस्त्रीला बोलवावे.

नवी गॅस्केट आणि नटांचा क्रम

गॅस्केट त्याच इंजिनाची, त्याच जाडीची घ्यावी. 'जवळपास तीच आहे, बसेल' असे दुकानदार म्हणाला, तरी जुनी गॅस्केट नव्यावर ठेवून प्रत्येक भोक जुळते का ते पाहावे. जाडीचा प्रश्न डिझेल इंजिनात नाजूक असतो. पिस्टन वरच्या टोकाला आला असता त्याच्या व हेडच्या मधे उरणारी फट जाडीवरच ठरते. हेड फेस केले असेल तर ती आणखी बदलते. ती मोजण्यासाठी पिस्टनवर शिशाच्या तारेचे तुकडे ठेवून हेड आवळावे, इंजिन हाताने सावकाश एक फेरा फिरवावे आणि हेड काढून चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. पुस्तिकेतील आकड्याशी ती जुळली पाहिजे.  

गॅस्केट कोरडीच बसवावी. ग्रीस, शेलॅक, रंग यांपैकी काहीही लावू नये. कंपनीने स्पष्ट सांगितले असेल तरच अपवाद करावा. वापरलेली गॅस्केट पुन्हा बसवू नये, मग ती दिसायला कितीही चांगली असो. स्टडचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर ऑइलचा एखादा थेंब पुरे. हेडचे बोल्ट थेट ब्लॉकच्या बंद भोकांत जात असतील, तर त्या भोकांतले पाणी व ऑइल टिपून काढावे. अन्यथा बोल्ट आवळताना आतल्या द्रवाच्या दाबाने ब्लॉक फुटू शकतो.

नट आधी हाताने बसवावेत. मग समोरासमोरच्या क्रमाने, अनेक सिलिंडरचे हेड असल्यास मधून सुरू करून दोन्ही कडांकडे जात, तीन टप्प्यांत आवळावेत : पहिल्यांदा ठरलेल्या टॉर्कच्या एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. अंदाजाने आवळलेले नट हे गॅस्केट पुन्हा उडण्याचे सर्वांत मोठे कारण होय.

टॉर्क पाना न मिळाल्यास पुढील रीत वापरता येते. पान्याला पाइप जोडून नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर खूण करावी आणि तेथे स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून पाइपशी काटकोनात ओढावे. काट्यावर सहा किलो दिसले, म्हणजे सहा किलोग्रॅम-मीटर टॉर्क लागला. पुस्तिकेत आकडा न्यूटन-मीटरमध्ये असेल तर त्यास ९.८ ने भागावे. झटका देऊन ओढू नये. ही रीत एका सिलिंडरच्या जुन्या इंजिनासाठी पुरेशी अचूक आहे. नव्या मोटारींत बोल्ट ठराविक अंशांत फिरवायचे असतात व काढल्यावर ते बदलावेच लागतात, तेथे ती चालणार नाही.

पुशरॉड आणि रॉकर बसवून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून टॅपेटची फट पुस्तिकेनुसार जुळवावी. ऑइलमध्ये पाणी गेले असल्यास ते संपूर्ण बदलावे, फिल्टरसह. शंका असल्यास तासाभराच्या वापरानंतर पुन्हा एकदा बदललेले बरे. डिझेलच्या लाइनमधील हवा काढावी. इंजिन सुरू केल्यावर प्रथम भाराविना चालवून पाणी वाहते का, सांधा कोरडा आहे का ते पाहावे. जुन्या पद्धतीच्या तांब्याच्या गॅस्केटमध्ये इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला तपासावेत आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा जुळवावेत. पुष्कळजण हा दुसरा टप्पा विसरतात. पोलादी थरांच्या नव्या गॅस्केटला त्याची गरज नसते.

मोटारींचे काय?

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या प्रारंभी थांबले असले, तरी ती गाडी आणि तिच्याच ७९६ घनसेंटिमीटरच्या, तीन सिलिंडरच्या इंजिनावर चालणारी ओम्नी आजही ग्रामीण भागात दिसते. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियम उष्णतेने ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तीस सेंटिमीटर लांबीचा तुकडा शंभर अंशांनी तापला, तर लोखंडाचा सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरने आणि ॲल्युमिनियमचा सुमारे दोन तृतीयांश मिलिमीटरने वाढेल. म्हणून अशी हेडे तापल्यावर हमखास वाकतात व बहुधा फेसिंगला न्यावीच लागतात. त्यात टायमिंग बेल्ट काढून पुन्हा अचूक खुणांवर बसवावा लागतो. ज्याने हे काम पूर्वी कोणाच्या तरी हाताखाली केले आहे, त्यानेच ते घरी करावे.

कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल गाड्यांना मात्र घरी हातच लावू नये. त्यांच्या डिझेल लाइनमधील दाब हजार किलोंच्या वर जातो. बारीक फवारा कातडीतून आत शिरू शकतो आणि जखम वरून किरकोळ दिसत असली तरी शस्त्रक्रिया करावी लागते.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय जीपचालकांत प्रचलित आहे. रेडिएटरच्या सुईएवढ्या गळतीवर तो गाव गाठेपर्यंत चालतोही. परंतु जळत्या वायूच्या दाबापुढे हळदीचे काही चालत नाही. उलट आधीच क्षारांनी अरुंद झालेल्या नळ्या तिने पूर्ण चोंदतात. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही असाच. त्याने इंजिन थंडीत नीट तापत नाही, डिझेल जास्त जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. मोटारीत बोअरचे पाणी न भरता कूलंट व शुद्ध पाण्याचे मिश्रण भरावे. जुने कूलंट अंगणात ओतू नये. ते चवीला गोड असल्याने कुत्री व जनावरे पितात आणि दगावतात.

पुन्हा तापू नये म्हणून

विहिरीवरील इंजिनाच्या थंड पाण्याचा परतीचा पाइप असा वळवावा, की त्याची धार दाऱ्यावरूनही दिसावी. उन्हाळ्यात पाणी किती तास टिकते याचा अंदाज घेऊन तेवढ्या वेळानंतर कोणीतरी इंजिनापाशी असावे. पातळी खाली जाईल तसा फूटव्हॉल्व्ह खाली सोडावा. परतीचे पाणी कोमट ते चांगले गरम, पण हात क्षणभर धरता येईल इतके असावे. अगदी गार येत असेल तर इंजिनाकडे जाणारा कॉक थोडा आवळावा, कारण अतिथंड इंजिनही झिजते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यात इंजिन रिकामे असताना, पोकळीतील क्षार काढावेत.

आणि काढलेले जुने ऑइल विहिरीच्या कडेला ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून ते जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे. विहिरीत झिरपलेले ऑइल पुढे पिण्याच्या पाण्यातही उतरते.